विद्येचे चार पाद : आपल्या विद्याव्यासंगाचा एक मागोवा

श्रींच्या जत्रोत्सवास गावोगावचे महाजन व कुळावी एकत्र जमतात. अग्रशाळेच्या ओसरीवर सामान टाकून होते न होते तोच वडीलधारी मंडळी मुलांना जवळ बोलावून एकच प्रश्न विचारतात, ‘यंदा कितवीत? अभ्यास कसा काय चालला आहे?’ मूल काहीतरी पुटपुटते आणि समवयस्कांत मिसळून जाते. प्रश्न वर्षानुवर्षे तोच आहे. परंतु ‘अभ्यास कसा चालला आहे’ या शब्दांतील ‘कसा’ या पदाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. किती तास, किती गुण, कोणती शाखा, कोणते महाविद्यालय यांची चौकशी आपण करतो. शाखा निवडताना देवाचा प्रसादही लावतो. अभ्यास करावयाची रीत मात्र मुलास आपोआप येत असेल असे गृहीत धरतो. वस्तुतः ती आपोआप येत नाही. ती एका पिढीने दुसऱ्या पिढीस द्यावी लागते, आणि मधली एखादी पिढी चुकली तर ती लोप पावते. या रीतीचा आपल्याकडील इतिहास काय होता, तिच्यातील कोणता अंश टिकला व कोणता हरवला, याचा अल्पसा मागोवा घेण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींस त्यातून काही हाती लागले तर श्रम सार्थकी लागले असे समजेन.

एक जुने संस्कृत सुभाषित आहे. विद्यार्थ्यास विद्येचा एक चतुर्थांश आचार्यांकडून मिळतो, दुसरा तो स्वतःच्या बुद्धीने मिळवितो, तिसरा सहाध्यायांकडून लाभतो आणि उरलेला चौथा काळाच्या ओघात परिपक्व होतो, असा त्याचा आशय. याच्याशी मिळताजुळता चतुष्पाद विद्येचा विचार महाभारतातील सनत्सुजातीय प्रकरणात आढळतो. त्या प्रकरणाचे भगवद्गीता व अनुगीता यांच्यासह इंग्रजी भाषांतर न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी १८८२ साली सिद्ध केले, ही आपणांस अभिमानाची गोष्ट होय. या चार पादांच्याच आधाराने पुढील विवेचन करणे सोयीचे होईल.

पहिला पाद : आचार्य आणि पाठ

आपल्याकडील अध्ययनाची सर्वांत प्राचीन व सर्वांत काटेकोर पद्धती म्हणजे वेदपठणाची. ग्रंथ हाती नसताना सहस्रावधी मंत्र स्वरासह अक्षरशः जसेच्या तसे पिढ्यान्‌पिढ्या राखणे ही सामान्य गोष्ट नव्हे. युनेस्कोने २००३ साली या परंपरेचा मानवजातीच्या अमूर्त वारशात गौरवाने उल्लेख केला. यामागे केवळ घोकणे होते अशी अनेकांची समजूत असते. परंतु ती पद्धती नीट पाहिली तर वेगळेच दिसते. संहितापाठ झाल्यावर पदपाठ, म्हणजे प्रत्येक पद सुटे करून म्हणणे. त्यानंतर क्रमपाठ, त्यात पहिले व दुसरे पद, मग दुसरे व तिसरे, मग तिसरे व चौथे अशा जोड्या होतात. जटापाठात तीच जोडी सुलट, उलट व पुन्हा सुलट येते. घनपाठात दोन पदांची उलटसुलट झाली की तीन पदे सुलट, तीन उलट आणि पुन्हा तीन सुलट म्हणावयाची. म्हणजे एकच मजकूर दहा वेळा एकाच रीतीने म्हटला जात नव्हता. प्रत्येक फेरीस तो नव्या बाजूने उलगडावा लागे, आणि जीभ सरावाने पुढे धावू लागली की उलट पाठ तिला थांबवून मनास जागे करी. चुकले तर गुरुजी त्याच ठिकाणी अडवीत.

तथापि आपल्या पूर्वजांना पाठांतराची मर्यादाही ठाऊक होती. वेद मुखोद्गत करूनही ज्यास त्याचा अर्थ कळत नाही तो केवळ भार वाहणाऱ्या खांबासारखा होय, असा रोखठोक अभिप्राय यास्काच्या निरुक्तात आला आहे. म्हणूनच श्रवण, मनन व निदिध्यासन अशा तीन पायऱ्या उपनिषदांनी सांगितल्या. ऐकणे ही त्यातील केवळ पहिली पायरी.

लौकिक विद्येचे शिक्षण पंतोजींच्या शाळेत होत असे. धूळपाटीवर अक्षरे गिरवावयाची, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी अशी उजळणी, पुढे मोडी वाचन व जमाखर्च. दिवेलागणीस घरोघरी परवचा म्हटला जाई. अक्षर कसे असावे, ओळी कशा सारख्या असाव्यात, याची शिस्त समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिल्या समासात इतक्या बारकाईने घालून दिली आहे की लेखन हाही अभ्यासाचाच एक संस्कार होता याविषयी शंका राहू नये.

गोव्याची स्थिती अधिक बिकट होती. १६८४ साली व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर याने देशी भाषेच्या वापरावर बंदी घालणारा हुकूम काढला. अशा राजवटीत आपल्या मुलांस अक्षरओळख व्हावी म्हणून गावोगावच्या हिंदू कुटुंबांनी घराच्या सोप्यात किंवा देवळाच्या आश्रयाने मराठी शाळा चालविल्या. तेथे शिकविणाऱ्या शेणवी मास्तरांचे वेतन बहुधा भात, नारळ आणि सणासुदीची दक्षिणा असेच असे. त्या शाळांना ना सरकारी मान्यता होती ना इमारत. परंतु पुराणग्रंथांचे वाचन, हिशेब आणि सुवाच्य अक्षर एवढी शिदोरी त्यांनी आपल्या अनेक पिढ्यांस दिली, आणि ती घेऊनच तरुण घाट ओलांडून किंवा समुद्रमार्गे मुंबईस गेले.

दुसरा पाद : स्वतःची बुद्धी

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. १८६२ साली पहिले चार बी. ए. बाहेर पडले ते असे : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक. यांतील भांडारकर १८३७ साली मालवणास जन्मले व रत्नागिरीच्या शाळेतून एल्फिन्स्टन कॉलेजात आले. भांडारकरांचा अभ्यासक्रम इंग्रजी, गणित, इतिहास असा होता. संस्कृतकडे ते नंतर वळले. इंग्रजी विद्येत पदवी मिळविलेल्या या तरुणाने पुण्यास शास्त्रीपंडितांसमोर बसून व्याकरण व न्याय यांचे पाठ घेतले. पुढे त्यांनी विद्यार्थ्यांसाठी संस्कृतची पहिली व दुसरी पुस्तके लिहिली आणि त्यांवर अनेक पिढ्या संस्कृत शिकल्या. त्यांत नियम थोडा, उदाहरणे पुष्कळ आणि प्रत्येक पाठाअखेर विद्यार्थ्याने स्वतः करावयाची भाषांतरे अशी रचना आहे. शिकविणाऱ्याने स्वतः प्रौढपणी एक एक पायरी चढून विद्या मिळविली असल्यामुळेच ती रचना साधली असे वाटते.

रानड्यांच्या वाचनाच्या व्यासंगास सीमा नव्हती. पण त्याची किंमतही त्यांना मोजावी लागली. तरुणपणीच त्यांना डोळ्यांचा विकार जडला आणि काही काळ इतरांकडून वाचून घेण्याची वेळ आली. थोरांच्या चरित्रातील हा भाग आपण मुलांना सांगताना गौरवाने सांगतो. तो इशारा म्हणूनही सांगावयास हवा. देहास न जुमानता केलेला अभ्यास हा आदर्श नव्हे.

स्वतःच्या बुद्धीने विद्या मिळविण्याचे याहूनही विलक्षण उदाहरण आपल्या गोमंतभूमीनेच दिले आहे. धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी साखवाळ येथे झाला. शालेय शिक्षण बेताचेच, लहान वयात विवाह, आणि वाट्याला आलेले काम नारळीच्या बागायतीची देखरेख करण्याचे. ‘बालबोध’ या मासिकात आलेले बुद्धाचे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि आयुष्याची दिशाच पालटली. १८९९ साली त्यांनी घर सोडले. पुण्यास डॉ. भांडारकरांची भेट झाली. संस्कृतचा पाया घालण्यासाठी ते ग्वाल्हेरमार्गे काशीस गेले आणि अन्नछत्रातील भोजनावर निर्वाह करीत शास्त्रीमंडळींकडे शिकले. पुढे नेपाळ, बोधगया, आणि १९०२ साली सिंहलद्वीप. तेथे विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली त्यांनी पालीचा अभ्यास आरंभिला. तेव्हा पाली ग्रंथ देवनागरीत सहज मिळत नसत. सिंहली लिपी शिकावी लागली, ब्रह्मदेशात गेल्यावर ब्रह्मी लोकांची लिपी शिकावी लागली. विद्येच्या प्रत्येक दारास नवे कुलूप होते आणि प्रत्येकाची किल्ली त्यांनी स्वतः घडविली.

कोसंबींचे आत्मचरित्र ‘निवेदन’ या नावाने १९२४ साली प्रसिद्ध झाले. महाविद्यालयीन विद्यार्थ्याने ते अवश्य वाचावे. त्यात स्वतःच्या अडचणींविषयी व उणिवांविषयी जो मोकळेपणा आहे तो आपल्याकडील चरित्रवाङ्मयात विरळा. त्यांच्या अध्ययनातून एक गोष्ट ठळकपणे दिसते. आपल्याला काय येत नाही याची त्यांना नेमकी जाणीव असे, आणि त्या उणिवेसाठी नेमका गुरू, नेमका गाव, नेमका ग्रंथ ते शोधीत. आज बहुतेक विद्यार्थी याच्या उलट करतात. जे येते तेच पुन्हा वाचतात, कारण ते वाचताना सुख वाटते. जे येत नाही ते पान परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत तसेच राहते.

तिसरा पाद : सहाध्यायी

आपल्या जुन्या पाठशाळांत एक वहिवाट होती. वरच्या पाठापर्यंत पोहोचलेला विद्यार्थी खालच्यास संथा देई. गुरुजींचा भार हलका व्हावा एवढाच त्यात हेतू नव्हता. दुसऱ्यास सांगताना स्वतःचे किती पक्के आहे हे कळून येते. स्वाध्याय व प्रवचन ही दोन्ही कर्तव्ये उपनिषदाने जोडीने सांगितली आहेत ती याचसाठी. शास्त्राध्ययनात तर पूर्वपक्ष मांडल्याशिवाय सिद्धांत मांडता येत नसे. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याहून चांगले मांडता येणे ही विद्वत्तेची कसोटी होती.

इंग्रजी अमदानीत हीच वृत्ती नव्या रूपाने प्रकटली. १८४८ साली एल्फिन्स्टनच्या प्राध्यापक व विद्यार्थ्यांनी ‘स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. सभासदांनी निबंध लिहून वाचावयाचा आणि इतरांनी त्याची चिकित्सा करावयाची, असा तिचा क्रम होता. देशी भाषांतून काम करण्यासाठी तिच्या ज्ञानप्रसारक शाखा निघाल्या. गोव्यातील मांद्रे येथे १८२२ साली जन्मलेले डॉ. भाऊ दाजी लाड हे तिच्या कार्यात अग्रभागी होते. ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतील हे धन्वंतरी शिलालेख व नाणी यांच्या अभ्यासातही तेवढेच रमले. वर्गात ऐकलेले सभेत मांडावयाचे आणि सभेत खोडले गेलेले घरी पुन्हा तपासावयाचे, या चक्रातून त्या पिढीची बुद्धी घडली.

या सोसायटीच्या मंडळींनी १८४९ पासून मुंबईत मुलींच्या शाळा चालविल्या, ही गोष्टही येथे नमूद केली पाहिजे. कारण आतापर्यंत वर्णिलेल्या परंपरेतील एक मोठे वैगुण्य झाकून ठेवणे इतिहासास धरून होणार नाही. पाठशाळेचे दार स्त्रियांना व बहुजनांना बंद होते. आपल्या घरांतील मुली परवचा ऐकत, पण पाटी त्यांच्या हाती येत नसे. १८७३ साली रानड्यांशी विवाह झाल्यावर रमाबाई अक्षरे शिकल्या त्या पतीकडून, आणि घरातील स्त्रियांचा रोष सोसून. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणींत हे सारे आले आहे. अभ्यासास लागणारी पहिली वस्तू पुस्तक नव्हे, तर अभ्यास करण्याची मोकळीक होय, हा धडा त्यातून मिळतो. आजही एकाच घरात मुलगा परीक्षेस बसला म्हणून सर्वांनी हळू बोलावयाचे आणि मुलगी परीक्षेस बसली तरी पाहुण्यांचा चहा तिनेच करावयाचा, असे दृश्य पूर्णपणे नाहीसे झालेले नाही. महाजन कुटुंबांनी याचा विचार करावा.

चौथा पाद : काळ

चौथा पाद सर्वांत उपेक्षित आहे आणि आधुनिक शास्त्राने ज्यास सर्वाधिक पुष्टी दिली तोही हाच.

१८८५ साली हर्मान एबिंगहाऊस या जर्मन शास्त्रज्ञाने स्मृतीविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने प्रयोग केले ते स्वतःवरच. अर्थहीन अक्षरसमूहांच्या माळा तयार करून त्या तो मुखोद्गत करी आणि ठरावीक काळाने पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजी. वीस मिनिटांनी वाचणारे श्रम शेकडा ५८, एका दिवसाने शेकडा ३४, आणि महिन्याने शेकडा २१ असे त्यास आढळले. म्हणजे विस्मरणाचा मोठा वाटा पहिल्याच दिवशी पदरात पडतो आणि पुढे त्याचा वेग मंदावतो. दुसरे निरीक्षण अधिक महत्त्वाचे आहे. एकाच दिवशी ६८ वेळा घोकून दुसऱ्या दिवशी जो लाभ दिसे, तोच तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवर्तनांनी साधे. श्रम जवळजवळ निम्मे आणि फळ तेच.

आपल्या पाठशाळांत जुन्या संथेची आवृत्ती दिवसामागून दिवस चाले, आणि प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी अशा तिथी अनध्यायाच्या मानून नवा पाठ वर्ज्य केला जाई. त्यामागील धार्मिक कारणे काही असोत, अध्ययन व विश्रांती यांचा ठरीव ताल त्यातून सांभाळला जाई, एवढे निश्चित. झोपेविषयीही असेच सांगता येईल. जेंकिन्स व डॅलनबाख या अमेरिकन संशोधकांनी १९२४ साली दोन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, पाठ करून झोपी गेल्यास जेवढे विसरले जाते त्याहून बरेच अधिक तेवढाच वेळ जागे राहून इतर व्यवहार केल्यास विसरले जाते. परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण करणारा विद्यार्थी एका हाताने जमवितो आणि दुसऱ्या हाताने सांडतो.

अमेरिकेतील महाविद्यालयांत ‘अभ्यास कसा करावा’ हाच अभ्यासाचा विषय झाला. ओहायो स्टेट विद्यापीठातील फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ साली पाच पायऱ्यांची रीत सांगितली : प्रथम प्रकरणावरून दृष्टी फिरवावी, मग मथळ्यांचे प्रश्न करावे, त्या प्रश्नांची उत्तरे शोधीत वाचावे, पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत सांगावे, आणि शेवटी उजळणी करावी. कॉर्नेल विद्यापीठातील वॉल्टर पॉक यांनी १९६२ च्या आपल्या पुस्तकात टिपणवहीची एक सुटसुटीत मांडणी दिली. पानाच्या उजव्या रुंद भागात व्याख्यानाची टिपणे, डाव्या अरुंद भागात त्यांवरील प्रश्न किंवा सूचक शब्द, आणि तळाशी चार ओळींचा सारांश. नंतर उजवा भाग झाकून डावीकडील प्रश्नांची उत्तरे द्यावयाची.

या साऱ्यांतील मर्म २००६ साली रोएडिगर व कार्पिके यांच्या प्रयोगाने स्पष्ट झाले. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकदाच वाचून तीन वेळा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा चार वेळा वाचणारे पुढे होते, शेकडा ८३ विरुद्ध ७१. परंतु आठवड्याने चित्र उलटले. वाचणाऱ्यांना शेकडा ४० आठवले, तर आठवून लिहिणाऱ्यांना ६१. २०१३ साली डनलॉस्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धतींवरील संशोधन एकत्र तपासले, तेव्हा स्वतःची परीक्षा घेणे व काळात विभागून अभ्यास करणे या दोन पद्धती सर्वोत्तम ठरल्या. ओळींखाली रेघा मारणे व तेच ते पुन्हा वाचणे यांचे मोल मात्र कमी भरले. आपली मुले नेमके हेच दोन प्रकार अधिक करतात, हे कोणत्याही घरातील रंगीबेरंगी रेघांनी भरलेले पाठ्यपुस्तक उघडले की कळते.

येथे एक गोष्ट मनास चटका लावून जाते. पुस्तक मिटून म्हणून दाखविणे, विभागून उजळणी करणे, उलटसुलट तपासणे, खालच्यास शिकविणे आणि प्रतिपक्ष मांडणे, यांतील कोणतीही गोष्ट आपणांस परकी नव्हती. पाठशाळा मागे पडून महाविद्यालय आले तेव्हा आपण जुन्या पद्धतीचे टरफल तेवढे बरोबर नेले, म्हणजे घोकंपट्टी. तिच्या आतील गर, म्हणजे आठवणीची रोजची परीक्षा, वाटेत सांडला. गोव्यात तर हे संक्रमण फार झपाट्याने घडले. १९६१ पर्यंत येथे सामान्य पदवी महाविद्यालय नव्हते. उच्च शिक्षणासाठी मुलांना बेळगाव, धारवाड, पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. मुक्तीनंतर १९६२ साली पणजी व मडगाव येथे महाविद्यालये सुरू झाली, १९८५ साली गोवा विद्यापीठ आले. एका आयुष्याच्या अवधीत ज्ञानाची दारे उघडली. पण दार उघडणे वेगळे आणि आत शिरून बसण्याची सवय असणे वेगळे.

पिता आणि पुत्र

शेवटी पुन्हा कोसंबींच्याच घराकडे वळू. सयाजीराव महाराज गायकवाडांनी मासिक ५० रुपयांचे साहाय्य दिल्यावर धर्मानंदांनी महाराष्ट्रात राहून काम करावे म्हणून कलकत्त्याची जागा सोडली. १९१० साली ते हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी गेले. वॉरन या विद्वानाच्या मृत्यूमुळे ते काम अपुरे राहिले होते. मायदेशी परतल्यावर १९१२ पासून त्यांनी फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकविली. मग पुन्हा हार्वर्ड, अशा चार खेपा १९३२ पर्यंत झाल्या. हार्वर्डच्या ग्रंथमालेत ते संपादन प्रकाशित झाले १९५० साली, आणि धर्मानंद १९४७ साली सेवाग्रामास निवर्तले होते. काळ हा विद्येचा चौथा पाद असे म्हणताना याहून बोलके उदाहरण कोणते द्यावे?

त्यांचे पुत्र दामोदर कोसंबी यांचा जन्म १९०७ साली गोव्यात कोसबें येथे झाला. १९१८ साली ते वडिलांबरोबर अमेरिकेस गेले आणि १९२९ साली हार्वर्डचे उच्च श्रेणीचे पदवीधर झाले. गणित हा त्यांचा व्यवसाय. तथापि जुन्या नाण्यांची वजने संख्याशास्त्राने तपासून त्यांनी इतिहासास नवे साधन दिले, भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, आणि १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना ते पुण्याहून आगगाडीने येजा करीत, आणि तो प्रवासाचा वेळही वाचनात घालवीत. वडिलांनी अन्नछत्रात बसून शिकावे आणि मुलाने आगगाडीत बसून वाचावे. साधने बदलली, सवय तीच राहिली.

आपणांस काय करता येईल?

इतिहास सांगून थांबणे हे स्मरणिकेच्या लेखकास सोपे असते. परंतु देवस्थानाभोवती उभा असलेला आपला समाज काही करूही शकतो. आपली अग्रशाळा जत्रा व लग्नसराई सोडता वर्षातील पुष्कळ दिवस रिकामी असते. परीक्षेच्या दोन महिन्यांत तिच्यातील दोन खोल्या दिवाबत्ती व मेजखुर्च्यांसह विद्यार्थ्यांस दिल्या, मोबाईल दाराशी ठेवण्याचा नियम केला, आणि संध्याकाळी तासभर सहाध्यायांनी एकमेकांस प्रश्न विचारावे अशी बैठक ठेवली, तर देवस्थानाचे काय उणे होईल? फाल्गुन-चैत्रातील उत्सव व परीक्षा एकाच सुमारास येतात. त्या दिवसांत ध्वनिक्षेपक रात्री लवकर बंद केला तर देवाच्या सेवेत न्यून येईल असे मानण्याचे कारण नाही. शिष्यवृत्ती देताना केवळ सर्वाधिक गुण पाहण्याऐवजी मागील वर्षापेक्षा कोणी किती प्रगती केली तेही पाहावे, आणि मुलीच्या अर्जास मुलाच्या अर्जाइतकाच मान असावा.

विद्यार्थ्यांस मात्र चारच गोष्टी सुचवितो. वर्गातून आल्यावर त्याच दिवशी पुस्तक मिटून दहा ओळी आठवून लिहा. तोच भाग दोन दिवसांनी, आठवड्याने व महिन्याने पुन्हा तपासा. आठवड्यातून एकदा कोणास तरी, अगदी घरच्या आजीला का होईना, आपला विषय समजावून सांगा. आणि जे येत नाही त्याची यादी जवळ बाळगून तेथूनच दिवसाचा अभ्यास सुरू करा.

आजी म्हटले ते सहज नव्हे. तिला तुमचे भौतिकशास्त्र कळणार नाही कदाचित, पण तुम्ही कोठे अडखळता ते तिला बरोबर कळेल. तिने परवचा ऐकतच आयुष्य काढले आहे, आणि पुष्कळ घरांत तो म्हणावयाची संधी मात्र तिला कधी मिळाली नाही. नातीने समोर बसून तिला धडा सांगितला तर एक जुने ऋण थोडेसे फिटेल.

पुढील जत्रेस ओसरीवर तोच प्रश्न पुन्हा विचारला जाईल. त्या वेळी ‘कसा’ या शब्दास मुलांपाशी खरे उत्तर असो, आणि ते ऐकण्याइतका वेळ वडीलधाऱ्यांपाशी असो, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.